४७ पौंडांचं लोढणं

गुरुवारी रात्री दूध तापत ठेवलं आणि तेवढ्या वेळात म्हणून एक गोष्ट वाचायला घेतली. आज आठवडा होत आला, मी अजून त्या गोष्टीतून बाहेर आलेले नाही. बहिणीला फोनवर सांगून झाली, शेजारच्या काकूंना जिन्यात गाठून सांगून झाली. आता भाजीवालाच तेवढा राहिलाय.

चोपन्नाव्या वर्षी कुणाला कर्ट व्हॉनेगट सापडतो का? मला सापडला! पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात, ८० रुपयांना, मुखपृष्ठ अर्धं गेलेलं. 'वेलकम टू द मंकी हाउस' हा त्याचा १९६८ सालचा कथासंग्रह. माकडांचं घर म्हणजे काहीतरी गमतीचं असेल, एवढ्याच हिशेबाने उचलला. विज्ञानकथा म्हटलं की माझी धाव नारळीकरांपर्यंत; त्यापुढे कधी गेलेच नव्हते. आणि त्यात ही गोष्ट, 'हॅरिसन बर्जरॉन'. पहिल्यांदा छापली गेली १९६१ साली, अमेरिकेतल्या एका विज्ञानकथांच्या मासिकात. इतकी वर्षं मला कुणी सांगितलं कसं नाही?

साल २०८१. अमेरिकेच्या राज्यघटनेत २११, २१२ आणि २१३ क्रमांकाच्या दुरुस्त्या होऊन सगळे जण एकदाचे समान झालेत. (आज तिथे २७ दुरुस्त्या आहेत, तेव्हा या मधल्या काळात काय काय झालं असेल त्याची कल्पना करा.) समान म्हणजे कसे? जो ताकदवान आहे त्याच्या गळ्यात वजन, जी सुंदर आहे तिच्या तोंडावर विद्रूप मुखवटा, ज्याला डोकं आहे त्याच्या कानात यंत्र. ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं अडकवतात ना, अगदी तसं. आणि हे सगळं बघायला एक सरकारी खातं, त्याच्या प्रमुख डायना मून ग्लॅम्पर्स नावाच्या बाई. मी आपली त्यांना 'लोढणेप्रमुख' म्हणते.

नायकाचा बाप जॉर्ज. त्याच्या गळ्यात कॅनव्हासची पिशवी, आत ४७ पौंड छर्रे, वर कुलूप. ४७ पौंड म्हणजे २१ किलोच्या वर. मला राहवेना. दहा किलो तांदळाची पिशवी ओढणीने गळ्यात बांधली आणि स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत गेले. परत येताना मानेतून अशी कळ निघाली की भिंत धरून उभी राहिले. आणि हे त्याच्या निम्म्याहूनही कमी! जॉर्जची बायको हेझल त्याला प्रेमाने म्हणते, थोडे छर्रे काढून ठेव ना रात्रीपुरते. तो म्हणतो, एका छर्र्याला दोन वर्षं तुरुंग आणि २००० डॉलर दंड. शिवाय मी काढले तर सगळेच काढतील, मग समाजाचं काय होईल? ती म्हणते, कोसळेल सगळा. आणि जॉर्ज कोऱ्या चेहऱ्याने विचारतो, काय कोसळेल?

मी इथे आधी मोठ्याने हसले आणि मग माझं हसू मावळलं. कारण मधल्या क्षणी जॉर्जच्या कानात आवाज झालेला असतो.

कानातलं ते यंत्र! दर वीसेक सेकंदांनी सरकारी केंद्रातून त्यात एक कर्कश आवाज सोडतात. दरवेळी वेगळा. कधी दुधाच्या बाटलीवर हातोडी, कधी मोटारींची टक्कर, कधी तोफा. हुशार माणसाने डोक्याचा गैरफायदा घेऊ नये म्हणून. हेझलला यंत्र नाही, कारण तिला मुळातच थोडा थोडाच वेळ विचार करता येतो. पण तिला त्या आवाजांचं केवढं कौतुक! मी प्रमुख असते तर रविवारी फक्त घंटानाद ठेवला असता, देवाधर्माचा मान म्हणून, असं ती सांगते. या एका वाक्यासाठी मी व्हॉनेगटच्या पाया पडायला तयार आहे.

याचाही प्रयोग केला. सुट्टीवर आलेल्या भाच्याच्या हातात पळी आणि स्टीलचं पातेलं दिलं आणि म्हटलं, घड्याळ बघून दर वीस सेकंदांनी हाण. मी समोर महिन्याचा जमाखर्च घेऊन बसले. वाण्याचं बिल आणि विजेचं बिल, एवढे दोनच आकडे मिळवायचे. पहिल्या दोन-तीन वेळा दचकले. मग दचकणं थांबलं आणि त्याहून वाईट गोष्ट सुरू झाली: आवाज व्हायच्या आधीच मी त्याची वाट बघायला लागले. हातचा एक कुठल्या कुठे गेला. चार मिनिटांनी मी आकडे सोडून नुसती पळीकडे बघत होते. भाचा खूश.

आणि मग जॉर्ज-हेझल बघत बसलेल्या टीव्हीवर त्यांचा मुलगा येतो. हॅरिसन. वय १४, उंची सात फूट, अंगावर ३०० पौंडांचं भंगार, नाकावर लाल रबरी चेंडू, भुवया भादरलेल्या. तुरुंग फोडून तो थेट स्टुडिओत घुसतो आणि सगळी लोढणी तोडून फेकतो. मी टाळ्याच वाजवणार होते. पण लोढणी तोडायच्याही आधी हा पठ्ठ्या पहिली गोष्ट काय करतो? मी सम्राट आहे, म्हणतो. मी सांगेन ते सगळ्यांनी ताबडतोब ऐकायचं! वादकांना धरून आपटतो, हवं तसं वाजवून घेतो. एका नर्तिकेचा मुखवटा काढून तिला सम्राज्ञी करतो, आणि दोघं असे नाचतात की तीस फूट उंच छताला ओठ टेकतात. ते नृत्य तुम्ही स्वतःच वाचा, मी त्याची वाट लावणार नाही. शेवटचे चार-पाच संवादही सांगणार नाही.

पण तो सम्राट माझ्या घशात अडकला. स्वातंत्र्याचा नायक म्हणून या पोराचा उदोउदो करणाऱ्यांनी ते पान उलटलं तरी होतं का? एका बाजूला लोढणेप्रमुख बाई, दुसऱ्या बाजूला चौदा वर्षांचा सम्राट, आणि मध्ये जॉर्ज-हेझल सोफ्यावर. व्हॉनेगट कुणाच्याच बाजूने ओरडत नाही. म्हणून तर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली, तिसऱ्या दिवशी पुन्हा.

भाच्याने ऐकून एका वाक्यात निकाल लावला: "मावशी, हे तर आपलं आरक्षणच की." आमचं तासभर भांडण झालं. अरे, या गोष्टीत कुणाला काही मिळतं का? हेझलला अक्कल मिळत नाही, अशक्ताला ताकद मिळत नाही, शिकायला बंदी असलेल्याला शाळा मिळत नाही. फक्त काढून घेतात. बंद दार उघडणं वेगळं आणि आत असलेल्याच्या पायात बेडी घालणं वेगळं. तो म्हणाला, हे तुझं मत. मी म्हटलं, बरं.

मग ही गोष्ट आणखी कुणी अशी वापरली आहे का ते शोधायला बसले, आणि मिळालं! २००५ साली कॅन्सस राज्यात शाळांना सरकारने किती पैसा द्यावा यावर खटला चालू होता. श्रीमंत भागातल्या शाळांना जास्त खर्च करू द्या, असं मागणाऱ्या वकिलांनी हीच गोष्ट पुढे केली. व्हॉनेगट तेव्हा हयात होता, वय ८२. वर्तमानपत्राशी बोलताना तो म्हणाला, वकिलांना गोष्ट नीट कळलेली दिसत नाही; ती बुद्धीबद्दल आणि अंगच्या गुणांबद्दल आहे, पैशाबद्दल नाही. कामगारांचे समाजवादी पुढारी युजीन डेब्ज यांना आयुष्यभर मानणारा माणूस तो. त्याच्याच गोष्टीचा असा सोटा केलेला! त्याआधी केसी मार्टिन या पायाच्या दुखण्याने हैराण गोल्फपटूने स्पर्धेत छोटी गाडी वापरायची परवानगी मागितली, त्यावरच्या खटल्यात २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती स्कॅलियांनी विरोधी निकालपत्र संपवताना याच गोष्टीचा टोला हाणला. मार्टिन मात्र सात विरुद्ध दोन मतांनी जिंकला. भाच्याला हे सगळं वाचून दाखवलं. तो गप्प. (गप्प म्हणजे मोबाइलमध्ये.)

आणखी एक गंमत. नावेतल्या तिघांची धमाल लिहिणाऱ्या जेरोम के. जेरोमने १८९१ मध्येच अशी एक गोष्ट लिहिली होती, 'द न्यू युटोपिया'. तिच्यात तर धिप्पाड माणसाचा हात नाहीतर पायच कापून त्याला बाकीच्यांच्या बरोबरीला आणतात. आणि खुद्द व्हॉनेगटच्या १९५९च्या 'द सायरन्स ऑफ टायटन' कादंबरीत लोक अशीच वजनं बाळगतात, पण आपण होऊन! ती कादंबरी आता मागवली आहे.

'हॅरिसन बर्जरॉन' जेमतेम सहा-सात पानांची आहे. वाचाच. फक्त गॅसवर काही ठेवून बसू नका. माझं अर्धा लिटर दूध ओट्यावर गेलं.