पाण्याने भरलेली वखार

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावरील ॲस्पिनवॉल हाउस ही एकेकाळी मिरी, खोबरेल आणि काथ्याचा व्यापार करणारी पेढी. २०१२ पासून तेथे कोची-मुझिरिस बिनाले हे कलाप्रदर्शन भरत आले आहे. २०१६ मध्ये चिलीचे कवी राउल सुरिता यांनी तेथील एका वखारीत समुद्राचे पाणी भरले. चित्र नाही, मूर्ती नाही. प्रेक्षकाने पाण्यातून चालत समोरच्या भिंतीवरील मजकुरापर्यंत जायचे. ही कृती गालिप कुर्दी या सीरियन बालकाला अर्पण केलेली होती. २०१५ मध्ये तो धाकट्या भावासह समुद्रात बुडाला. भावाचे छायाचित्र जगभर पोहोचले, गालिपचे नाही. ज्याचे चित्रच नाही, त्याचे दुःख येथे पावलांना कळते. मांडणशिल्पाचा अर्थ काठावरून लागत नाही. त्यात उतरावे लागते.