उघाडी

धरमतर खाडीच्या काठी, अलिबाग आणि पेण तालुक्यांत, जो सखल मुलूख आहे त्याला खारेपाट म्हणतात. खाऱ्या पाण्यापाशी कसली आली आहे शेती, असे देशावरचे मित्र मला विचारतात. भरतीच्या पातळीहून खाली असलेल्या जमिनीत भात पिकते, हे त्यांना खरेच वाटत नाही.

युक्ती तशी सोपी आहे. मातीचा बांध घालून खाडी अडवायची आणि त्यात उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे झडपेचे दार. भरतीचे पाणी ते बाहेरून दाबून बंद करते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तेच दार ढकलून निघून जाते. उन्हाळ्यात जमिनीतले मीठ वर येऊन शेत पांढरे पडते. मृगाचा पाऊस ते धुऊन काढतो. मग मोड आलेले बी चिखलात फेकायचे, त्याला रहू म्हणतात, आणि पुढे गोडे पाणी शेतात उभे ठेवायचे. ते वरून दाबून असले की खालचे मीठ डोके वर काढत नाही. ‘राता’ हे आमचे जुने तांबडे भात एवढा खारटपणा सोसते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने नव्या जाती काढल्या, त्याही हल्ली पेरतात.

भूगोलाच्या तासाला सरांनी भूमी-उपयोगाचे नियोजन शिकवताना फळ्यावर पट्टे काढले, तेव्हा मला आमचे गावच दिसू लागले. खाडीकडे लाटेचा जोर मोडणारी तिवरे, मग बांध, मग शेते, मध्ये जिताड्याचे तळे, उंचवट्यावर घरे. हा नकाशा कोणी कागदावर काढला नव्हता. ज्याने त्याने आपल्या वाट्याचा बांध सांभाळायचा, एवढाच काय तो नियम.

पण जुने ते सगळे चांगले, असे मला म्हणायचे नाही. बांध कुळांनी राखायचा आणि भात खोताच्या वाड्यात जायचे, हीच रीत होती. म्हणून २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने संप सुरू झाला, तो १९३९ पर्यंत चालला. शेते ओस पडली, तरी लोक हटले नाहीत. पुढे कूळकायदा आला, जमिनी कसणाऱ्यांच्या झाल्या आणि बांध हळूहळू सरकारी योजनांत गेले. सप्टेंबर २००८ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही यावर पेणच्या बावीस गावांत मतदान झाले, तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना चरीच आठवली.

आमच्या शेताला मात्र कारखान्याने गिळले नाही. उधाणात बांधाला खांड पडली. अर्ज झाले, पाहणी झाली, मोजमाप झाले, माती मात्र पडली नाही. दोन पावसाळ्यांत आत तिवरे उगवली. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तिवरे तोडण्यास मनाई केली. तो निकाल मला योग्यच वाटतो, कारण तिवरांवाचून बांध टिकत नाही. पण ती बांधाच्या बाहेर हवीत. सातबाऱ्यावर अजून भात आहे, शेतात तिवर आहे, आणि तोडले तर गुन्हा!

खांडीच्या अलीकडे थोडी जमीन वाचली आहे. तिच्याभोवती नवा बांध घालावा असे बाबांचे म्हणणे. घातला तर पलीकडची चार घरांची शेते कायमची खाडीत जातील. त्या चार घरांना विचारायला येत्या रविवारी जायचे आहे, आणि बाबा म्हणतात, तू शिकलेला आहेस, तूच बोल.