पिस्तुलाची पोच

हौस काही पगार बघून येत नाही. माझ्या बरोबरीच्या शिक्षकांत कुणाला क्रिकेटची हौस आहे, कुणाला मुशायऱ्यांची, तर कुणाला प्लॉट घेऊन ठेवण्याची. मला जुन्या लष्करी वस्तूंची आहे. राळेगावसारख्या कापसाच्या गावात उर्दू शाळेच्या मास्तराला ही हौस कुठून लागली, असे लोक विचारतात. भंगारवाल्याकडे मिळालेल्या पितळी बक्कलापासून लागली, एवढेच मला सांगता येते. मग एक पाण्याची बाटली आली, दुसऱ्या महायुद्धाचे एक पदक आले, काच फुटलेले होकायंत्र आले. बी.एड.च्या पुस्तकांच्या कपाटातला खालचा कप्पा भरला. पण असा संग्रह करणाऱ्याच्या मनात एक जागा रिकामीच असते, ती पिस्तुलाची. मलाही एक जुने लष्करी पिस्तूल हवे होते आणि ते मास्तराच्या पगारात बसणारे हवे होते.

अम्मींना हे कळले तेव्हा त्यांनी तवा खाली उतरवला आणि म्हणाल्या, "अपना नाम क्या है, मालूम है ना तेरे को? बंदूक घर में रखेगा?" मी म्हटले, "अम्मी, बंदूक नाही, जुनी वस्तू." त्यावर त्या म्हणाल्या, "पुलिस को जुनी-नई समझाते बैठना फिर."

अम्मी शाळेत गेलेल्या नाहीत, पण कायदा पुढे जे सांगतो ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले होते. मी मात्र कायदा वाचायला बसलो. अमेरिकेत पन्नास वर्षांहून जुनी हत्यारे जमवणाऱ्यांसाठी वेगळा परवाना आहे, तीन वर्षांची फी तीस डॉलर. तिथला शिक्षक रशियन फौजेचे जुने पिस्तूल घेऊन भिंतीवर लावू शकतो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्याच्या नियमांत गंमत अशी की .३८०, .४५५, ९ मिलिमीटर आणि .४५ ही फौजेची काडतुसे ज्यात चालतात ती पिस्तुले व रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित वर्गात टाकली आहेत. म्हणजे पिस्तूल लष्करी असणे हाच त्याचा गुन्हा. सामान्य माणसाला परवाना मिळालाच तर .३२ सारख्या बोअरचा. त्यातही विदेशी जुने हवे असेल तर ते काही लाखांत जाते, कारण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात जवळजवळ बंद आहे आणि आहे तोच माल हातोहात फिरतो. प्रतिबंधित हत्यार विनापरवाना सापडले तर २०१९ च्या दुरुस्तीपासून किमान सात वर्षे, जास्तीत जास्त चौदा.

कायद्यात एक फट आहे. कलम ४५ म्हणते की जे हत्यार जुन्या घडणीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडके आहे आणि दुरुस्त करूनही ज्यातून गोळी सुटू शकत नाही, त्याला हा कायदा लागू नाही. मला वाटले, झाले, मेलेले पिस्तूल शोधू. मुंबईच्या चोरबाजारात गेलो, पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. तिथे '१९१४' असा ठसा मारलेली पितळी खेळणी मिळतात. ठसा ताजा, पितळ ताजे, विकणाराच तेवढा जुना.

खऱ्या पिस्तुलाला नंबर असतो आणि नंबरामुळे त्याला चरित्र असते. भगतसिंगांनी वापरलेले .३२ चे कोल्ट पिस्तूल, नंबर १६८८९६, इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात रंग फासून कित्येक वर्षे पडून होते. २०१६ च्या सुमारास रंग खरवडून नंबर वाचला, तेव्हा ते कोणाचे ते कळले. दुसरा नंबर ६०६८२४. इटालियन फौजेसाठी बनवलेले बेरेटा. जानेवारी १९४८ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातली काही माणसे चालणारे पिस्तूल शोधत फिरत होती. ते त्यांना ग्वाल्हेरला मिळाले आणि तीस तारखेला दिल्लीत गांधीजींवर चालले. देणाऱ्याने कागद मागितला नव्हता, घेणाऱ्याने दाखवला नव्हता. एरवी मुलांना हा धडा शिकवताना मी पिस्तुलाकडे लक्ष देत नसे. आता देतो.

आमच्या भागालाही जुन्या लष्करी मालाची ओळख आहे. नदीपलीकडे पुलगावला दारूगोळ्याचे मोठे कोठार आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथे जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन सहा जण गेले. त्याच महिन्याच्या दोन तारखेला आमच्या तालुक्यात बोराटीच्या रानात अवनी वाघीण मारली गेली आणि राळेगावचे नाव देशभर बंदुकीशी जोडले गेले. त्या दिवसांत चहाच्या टपरीवरसुद्धा बोअर आणि रेंज याच गोष्टी चालायच्या.

अशातच बी.एड.च्या एका सोबत्याने मला गावी बोलावले. पाटील घराणे, जुना वाडा. माडीवरच्या पेटीतून त्याने धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली वस्तू काढली. वेब्ली, मार्क सहा. खरे तर हे रिव्हॉल्व्हर, पण आपल्या बोलण्यात सगळेच पिस्तूल. बर्मिंगहॅमची बनावट, पहिल्या महायुद्धात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला असायचे ते. अंगावर १९१७ आणि सरकारी बाणाची खूण. मुठीखाली दोरी अडकवायची कडी. वजन किलोभर. मी अंगठ्याने खटका दाबला, नळी खाली वाकली, सहाही घरे रिकामी दिसली. तेल डिंकासारखे सुकले होते, तरी चाक फिरले आणि घोडा टक्क वाजला.

तो 'टक्क' ऐकला आणि मला कलम ४५ आठवले. हे मेलेले नव्हते.

सोबती म्हणाला, "तुले जुन्या वस्तूचा नाद हाय ना, घेऊन जाय. पाच हजार दे, नाही तं नको देऊ. घरात ठेवायची भीती वाटते लेका." परवाना आजोबांच्या नावे, इंग्रजी पुस्तिका, शेवटचा शिक्का १९६१ चा. आजोबा गेले आणि पुस्तिका व पिस्तूल दोन्ही पेटीत राहिली.

पाच हजार. ज्यासाठी मी मुंबई-पुणे केले ती वस्तू एका पगाराच्या तुकड्यात समोर पडली होती. मी ती किती वेळ हातात धरून बसलो ते मला सांगता येणार नाही. खालून वहिनींनी चहासाठी दोनदा हाक मारली. मी नाही म्हटले. तो म्हणाला, "मंग वर्धा नदीत टाकतो." ते तर मला त्याहून सोसणारे नव्हते. शंभर वर्षे टिकलेली वस्तू गाळात जाणार.

तिसरा रस्ता कायद्यातच आहे. परवानाधारक मेला की वारसांनी हत्यार विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे, कलम २१. इथे विलंब साठ वर्षांचा होता, पण केव्हा तरी सुरुवात करायची होती. सोबती म्हणाला, "तू शिकलेला हायेस, तूच नेऊन दे." मी म्हटले, "भाऊ, हे माझ्या पिशवीत एसटीत सापडले तर अर्ज लिहायला मी बाहेर राहणार नाही." तो आधी हसला. मग माझ्याकडे बघून गप्प झाला. आमच्या पंधरा वर्षांच्या दोस्तीत ही गोष्ट आम्ही पहिल्यांदाच बोललो.

ठरले ते असे: पिस्तूल पेटीतच राहील, मी अर्ज लिहीन आणि दोघे ठाण्यात जाऊ. उर्दू शाळेच्या मास्तराने लिहिलेला तो मराठी अर्ज दोन पानी झाला. त्यात मी लिहिले की वस्तू ऐतिहासिक आहे, ती वितळवू नये, निकामी करून नागपूरच्या अजब बंगल्यात द्यावी, तिथे हत्यारांचे दालन आहे. ठाण्यातल्या साहेबांनी अर्ज वाचला, खालची सही पाहिली, मग माझ्याकडे पाहिले.

"अर्जदार हे. तुमचा काय संबंध?"

"मी अर्ज लिहिला, साहेब. मास्तर आहे."

"पिस्तुलाचं इतकं कसं माहीत?"

मी पिशवीतून बक्कल आणि पदक काढून टेबलावर ठेवले. हे विचारणार हे मला ठाऊक होते. साहेबांनी पदक उलटून पाहिले आणि त्यांचे आजोबा ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते, असे सांगितले. चहा आला. दुसऱ्या दिवशी पोलीस वाड्यावर गेले, पंचनामा झाला, नंबर दोनदा वाचून लिहिला गेला. पंच म्हणून सही करायला गावातले दोघे होते. मी अंगणात उभा होतो.

पोच सोबत्याच्या नावे आहे. तिची झेरॉक्स माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे, होकायंत्राशेजारी. अम्मींनी ती उलटसुलट पाहिली आणि विचारले, "इसके वास्ते इतना फिरा?" पुण्याहून आणलेली एक रिकामी चामडी म्यानही तिथेच आहे, सातशे रुपयांना मिळाली, तिला परवाना लागत नाही.

अर्ज यवतमाळला गेला आहे. सोबती महिन्यातून एकदा चौकशी करतो. उत्तर अजून आलेले नाही.