गौताळ्याचे रान आणि पाटणचा मठ

छत्रपती संभाजीनगरास येणारा प्रवासी दौलताबाद, वेरूळ आणि अजिंठा पाहून कृतार्थ होतो व परत फिरतो. आम्हीही आजवर दोन वेळा तसेच केले होते. या खेपेस मात्र, मार्गशीर्षातील थंडीत, घरची लहानथोर सात माणसे बरोबर घेऊन आम्ही वेरूळास न थांबता तसेच पुढे कन्नडास गेलो. तेथून गौताळ्याचे रान जवळ आहे.

निघण्यापूर्वीच घरातील मुलांनी एक अट घातली होती, ती वाघाची. गौताळा औट्रमघाट हे अभयारण्य आहे, व्याघ्रप्रकल्प नव्हे. वाघ पाहावयाचा तर मेळघाटास किंवा ताडोबास जावे लागते, हे आम्ही त्यांस परोपरीने सांगितले. परंतु ‘अभयारण्य’ हा शब्द एकदा कानी पडल्यावर मुलांच्या मनातून वाघ काढून टाकणे कोणास साधले आहे!

अजिंठ्याच्या डोंगररांगेत सुमारे २६० चौरस किलोमीटर पसरलेले हे रान १९८६ साली अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यात आले. त्याचा मोठा भाग संभाजीनगर जिल्ह्यात व उरलेला जळगाव जिल्ह्यात आहे. गौतम ऋषींचा येथे आश्रम होता अशी लोकांची श्रद्धा असून त्यावरूनच गौताळा हे नाव पडले असे सांगतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात आम्ही रानात शिरलो, तेव्हा वानरांची एक टोळी झाडांवर न्याहारीत गुंतली होती. पुढे नीलगाईंचा कळप दिसला. बिबट्या व अस्वल येथे आहेत. परंतु त्यांनी आम्हांस दर्शन दिले नाही. दोन प्रहरी तळ्याकाठी फराळास बसलो असता आमच्या धाकट्या पुतण्याने अखेर विचारलेच, “वाघच नाही, तर मग हे सारे राखतात कोणासाठी?”

आम्ही उत्तर जुळवीत होतो, तोच मातोश्री म्हणाल्या, “अरे, तुझ्या काकाला रात्री यायला उशीर होतो, तेव्हा आपण त्याचे ताट झाकून ठेवतो की नाही? तसेच हे.”

मातोश्रींस ठाऊक नसेल, पण या रानात ते झाकलेले ताट खरोखरीच एकदा उपयोगी पडले आहे. १९४० च्या सुमारापासून येथे वाघाची नोंद नव्हती. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, २०२१ च्या मार्च महिन्यात, रानात लावलेल्या कॅमेऱ्यापुढून एक तरुण वाघ चालत गेला. अंगावरील पट्टे ताडून पाहता तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा ठरला. सुमारे तीनशे तीस किलोमीटरांचे अंतर तोडून तो आला होता. आणि वाटेत होते काय? शेते, रस्ते आणि माणसांनी गजबजलेली गावे! मुलांस ही हकीकत सांगताच त्यांच्या नजरा पुन्हा झाडीत भिरभिरू लागल्या.

गंमत अशी की, ज्याचे नाव या अभयारण्यास चिकटले आहे, तो जेम्स औट्रम वाघांचा नामांकित शिकारी होता. १८२५ साली खानदेशात भिल्लांची पलटण उभारणाऱ्या या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावरून कन्नडच्या घाटास औट्रम घाट म्हणू लागले. मारणाऱ्याच्या नावाचे रान राखणाऱ्यांच्या हाती आले, हाही काळाचा न्यायच म्हणावयाचा.

दुसरे दिवशी प्रातःकाळी पितळखोऱ्याची लेणी पाहिली. पायऱ्यांनी दरीत उतरावे, ओढा ओलांडावा, आणि समोरच्या कड्यात दोन हजार वर्षांपूर्वीचे चैत्य व विहार उभे! इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात येथील कोरीव काम सुरू झाले. खडक ठिसूळ असल्याने पुष्कळ भाग ढासळला आहे; तथापि चैत्यगृहातील खांबांवर रंगीत बुद्धमूर्ती अजून दिसतात. हे वैभव राजांच्या खजिन्यातूनच उभे राहिले असे नव्हे. येथील खांबांवर पैठणच्या दात्यांची नावे आहेत, त्यांत मितदेव नावाचा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारीही आहे. येथे सापडलेली एक हसरी यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचे तिच्या हातावर कोरले आहे.

तेथून औट्रम घाट उतरून आम्ही चाळीसगावच्या बाजूने पाटणास आलो. डोंगरांच्या कुशीत, अभयारण्याच्याच हद्दीत, पाटणादेवीचे प्राचीन मंदिर आहे. स्त्रियांनी देवीची ओटी भरली. आमचे लक्ष मात्र या स्थळाच्या दुसऱ्या एका ठेव्याकडे होते. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी येथील एक शिलालेख उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे सिद्धान्तशिरोमणी आदी ग्रंथ शिकविले जावेत म्हणून येथे मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने इ. स. १२०७ च्या सुमारास त्यास देणगी दिली, असे त्यात नमूद आहे. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला तो ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. लीलावती हा त्याचाच पाटीगणिताचा भाग.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. परंतु मठास कोणी काय द्यावे, हे सांगावयाची वेळ येताच लेख मराठी बोलू लागतो. पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरील उत्पन्नाचा काही अंश द्यावा, आणि दर घाण्यामागे पळीभर तेल द्यावे! हे वाचले त्या दिवसापासून ती पळी आमच्या मनातून गेलेली नाही. ग्रहांच्या गतीचे गणित ज्या मठात चालावयाचे, त्याला गावातील तेल्याने पळीभर तेल द्यावयाचे. त्याला लीलावतीतील एक श्लोकही कळत नसेल. पण मठ चालावा यात त्याचा वाटा होता.

आज तेथे सिद्धान्त शिकविणारा आचार्य नाही, शिकणारा शिष्य नाही. मंदिराच्या पायरीवर बसून आम्ही मुलांस हे सांगत असता पुतण्याने सहज विचारले, “मग या मठाचे ताट कोणी झाकून ठेवले आहे?”

या प्रश्नाने आम्ही खरोखर ओशाळलो. कारण आमच्या आजोबांची लीलावतीची मराठी भाषांतरासहित पोथी माळ्यावरील पेटीत आहे, आणि गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत ती पेटी रद्दीवाल्यास देऊन टाकावी असे आम्हीच सुचविले होते. मातोश्रींनी ‘असू द्या’ म्हटले, म्हणून ती राहिली इतकेच. रान राखणाऱ्यांनी वाघ येईल की नाही याची हमी मागितली नव्हती. वाघ आला, तो रान होते म्हणून. विद्येचीही गोष्ट निराळी नसावी. कोण केव्हा कोठून येईल, हे आपल्या हाती नाही. जागा राखणे तेवढे आहे.

घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी पेटी खाली उतरविली. कडा कसरीने खाल्ल्या होत्या, अक्षरे मात्र शाबूत होती. आता रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर पुतण्या आणि आम्ही एक उदाहरण सोडवितो. पहिलेच उदाहरण त्याचे चुकले, आमचेही चुकले. मातोश्री समईत तेल घालीत होत्या, त्या म्हणाल्या, “चुकू द्या. उद्या पुन्हा बसा.”