जिभेखालची गोळी

नागपूरचा उन्हाळा ज्यानें सोसला आहे त्यास त्याचें वर्णन नको, आणि ज्यानें सोसला नाहीं त्यास तें खरें वाटावयाचें नाहीं. पारा ४५ अंशांवर गेला कीं येथील गृहस्थ सकाळीं दहालाच दारें-खिडक्या लावून घेतो, कूलरच्या वाळ्यावर पाणी सोडतो आणि पन्ह्याचा पेला हातीं घेऊन दिवस मावळण्याची वाट पाहतो. दोन वर्षांपूर्वीं ऐन नवतप्यांत आमच्या घरीं एक प्रसंग ओढवला. तो येथें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, त्यापासून आम्ही जें शिकलों तें इतर घरांच्याहि उपयोगीं पडण्यासारखें आहे.

आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतों, त्या वेळीं ७८ वर्षांचे होते. गणित शिकविण्यांत सारा जन्म गेलेला; त्यामुळें स्वभाव हिशेबी आणि करारी. त्यांना हृच्छूळाचा विकार आहे. चार पायऱ्या अधिक चढल्या कीं छातीवर दगड ठेवल्यासारखें होतें, व त्यासाठीं डॉक्टरांनीं जिभेखालीं ठेवावयाची एक बारीकशी गोळी दिलेली आहे. त्या दिवशीं कोणाचेंहि न ऐकतां ते सीताबर्डीवर बँकेंत गेले आणि भर अकरा वाजतां जिना चढून दारांत आले. छाती दाटून आली होती. त्यांनीं उभ्यानेंच खिशांतली गोळी काढून जिभेखालीं ठेवली आणि भिंतीला हात टेकून ते वहाणा काढीत राहिले. दोनतीन मिनिटें गेलीं असतील नसतील, तोंच ते कोसळले.

आमच्या मनांत काय आलें तें लिहिण्याची गरज नाहीं. आम्ही त्यांना घाईघाईनें उठवून बसवूं लागलों. इतक्यांत शेजारच्या वहिनी, ज्यांनीं पूर्वीं परिचारिकेचें काम केलेलें आहे, धांवत आल्या व म्हणाल्या, "भाऊजी, उठवूं नका त्यांना! निजूं द्या, आणि पाय वर धरा." आम्हीं पाय उचलून धरले. मिनिटभरांत आबांनीं डोळे उघडले आणि "पिशवी कोठें आहे?" असें विचारलें.

रुग्णालयांत तपासणी झाली. हृदयास नवी इजा झालेली नव्हती. परंतु घरीं परतल्यावर आबांनीं गोळ्यांची पट्टी आमच्या हातीं दिली आणि म्हणाले, "ही टाकून दे. छाती दुखते तें मला परवडलें. हिनें मला पाडलें." पुढें तीन आठवडे त्यांनीं गोळीला स्पर्श केला नाहीं. जिना चढून आले कीं ते शेवटच्या पायरीवर छातीशीं हात धरून बसून राहत, आणि आम्हीं विचारलें तर "कांहीं नाहीं, उकडतें आहे" असें म्हणत. खरें सांगावयाचें तर आम्हांसहि त्या गोळीची धास्ती बसली होती. तिचा आग्रह धरण्याचें धैर्य आम्हांस होईना.

अखेर पुढच्या तपासणीच्या वेळीं आम्हीं हें सर्व डॉक्टरांपुढें कबूल केलें. ते रागावले नाहींत. म्हणाले, "गोळीनें दगा दिला नाहीं. आबांच्या रक्तवाहिन्यांनीं तिचें फारच ऐकलें, इतकेंच." ह्या एका वाक्यानें आमचें कुतूहल जागें झालें. आम्ही ह्या विषयावर मिळेल तें वाचूं लागलों, आणि वाचलेलें रोज संध्याकाळीं आबांना सांगूं लागलों.

ह्या औषधाचें कुळ मोठें विलक्षण आहे. इटलींतील तुरीन येथें १८४७ सालीं आस्कानिओ सोब्रेरो ह्या रसायनशास्त्रज्ञानें नायट्रोग्लिसरिन तयार केलें. त्याचा नुसता अंश जिभेवर ठेवतांच त्याचें डोकें भयंकर ठणकूं लागलें. हेंच द्रव्य पुढें आल्फ्रेड नोबेलनें सुरुंगाच्या दारूंत वापरलें व १८६७ सालीं डायनामाइट जन्मास आलें. आम्हां नागपूरकरांस स्फोटक द्रव्यांचें नांव नवें नाहीं. साऱ्या देशांतील स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचें मुख्य कार्यालय आमच्याच सेमिनरी हिल्सवर आहे. पण तेंच द्रव्य लंडनच्या विल्यम मरेल ह्या डॉक्टरानें १८७९ सालीं अत्यल्प प्रमाणांत हृच्छूळावर गुणकारी ठरविलें, आणि स्वतः नोबेललाहि आयुष्याच्या अखेरीस डॉक्टरांनीं तेंच सुचविलें! आबांची गोळी ह्याच नायट्रेटांच्या कुळांतली आहे. हें ऐकून आबा तीन आठवड्यांत प्रथमच हंसले. म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी खिशांत सुरुंग घेऊन हिंडत होतों म्हण ना!" गोळीचा स्फोट होत नाहीं, हें आम्हीं त्यांस लगेच सांगितलें.

हें द्रव्य गुण देतें कसें, हें मात्र शंभर वर्षें कोणास नीट उमगलें नव्हतें. आम्हीहि आजवर रक्तवाहिनी म्हणजे एक निर्जीव नळी समजत होतों. वास्तविक तिच्या भिंतींत स्नायु असतात. ते आवळले कीं वाट अरुंद होते, सैलावले कीं रुंद होते. आंतून तिला पेशींच्या एकाच थराचें अतिशय नाजूक अस्तर असतें. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फर्चगॉट यांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दाखविलें कीं, सशाच्या रक्तवाहिनीच्या तुकड्याचें अस्तर शाबूत असेल तर असेटिलकोलीन ह्या द्रव्यानें ती सैलावते. अस्तर खरवडून काढलें तर सैलावत नाहीं. म्हणजे अस्तरांतून स्नायूंकडे कांहीं तरी निरोप जात होता. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, नत्राचा एक अणु व प्राणवायूचा एक अणु एवढाच साधा वायु, असें पुढें सात वर्षांच्या आंत सिद्ध झालें. नायट्रोग्लिसरिनांतूनहि हाच वायु सुटतो, हें फेरिड म्युराड यांनीं १९७७ सालींच दाखविलें होतें. फर्चगॉट, लुईस इग्नारो व म्युराड ह्या तिघांना १९९८ सालीं पारितोषिक मिळालें तें नोबेलच्याच नांवाचें.

शरीरांत हा व्यवहार असा चालतो. अस्तराच्या पेशींत एक प्रथिन असतें. रक्ताचा प्रवाह अस्तरास घांसून जाऊं लागला कीं तें जागें होतें, आणि आर्जिनीन (जें आपल्या डाळींत व भुईमुगांतहि असतें) व प्राणवायु घेऊन नायट्रिक ऑक्साइड बनवितें. हा वायु कांहीं सेकंदच टिकतो. पण शेजारच्या स्नायूंत शिरण्यास तेवढें पुरतें. तेथें दुसरें एक प्रथिन लोहाचा कण धरून बसलेलें असतें. वायु त्या लोहास चिकटतांच तें प्रथिन आणखी एक निरोप्या रसायन सोडतें, स्नायूंतील मोकळें कॅल्शियम कमी होतें, आणि स्नायु सैल पडतो. गोळी बाहेरून तोच निरोप पोंचविते. शरीरास अनोळखी असें ती कांहींच करीत नाहीं.

सैलावण्याचा दुसराहि एक मार्ग आहे, आणि त्याचा इतिहास आपल्या मुंबईंत घडला. के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम १९४९ सालीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत मांडला, आणि जगाचें लक्ष ह्या मुळीकडे गेलें. सर्पगंधा सैल होण्याचा निरोप धाडीत नाहीं. मज्जातंतूंच्या टोकांशीं आवळण्याचा जो निरोप सांठविलेला असतो तो ती रिता करते. मन खिन्न होण्यासारखे दोष दिसून आल्यामुळें हें औषध आतां मागें पडलें आहे.

आतां आबा कां पडले, तें पाहूं. नायट्रेटानें विशेषतः शिरा रुंदावतात, त्यामुळें हृदयाकडे परतणारें रक्त कमी होतें व हृदयाचें ओझें हलकें होतें; गोळीचा गुण तो हाच. पण नवतप्याच्या उन्हांत अंग थंड राखण्यासाठीं त्वचेंतील रक्तवाहिन्या आधींच रुंदावल्या होत्या, आणि घामानें अंगांतलें पाणी गेलें होतें. त्यांत आबा उभे! रक्त पायांत उतरलें, डोक्यापर्यंत पुरेसें चढलें नाहीं, आणि घेरी आली. वहिनींनीं पाय वर धरावयास कां सांगितलें, तें आम्हांस तेव्हां कळलें.

गोळी जिभेखालींच कां, हेंहि आबांनीं विचारलें. तेथून ती थेट रक्तांत जाते. गिळली तर बरीचशी यकृतांतच निकामी होते. डॉक्टरांनीं आणखी दोन गोष्टी बजावल्या. छातींतली कळ पांच मिनिटांत न ओसरल्यास वाट न पाहतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि पुरुषांच्या दौर्बल्यावर जीं आधुनिक औषधें मिळतात तीं कोणी घेत असेल तर संकोच न करतां सांगावें, कारण तीं व ही गोळी एकत्र आल्यास रक्तदाब जिवावर बेतेल इतका घसरतो.

हें सर्व ऐकून आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गणित बरोबर होतें; मांडणी चुकली." दुसऱ्या दिवशीं त्यांनीं स्वतःच माजघरांतली जुनी वेताची खुर्ची दारापाशीं आणून ठेवली. ती आजहि तेथेंच आहे. आबा आतां ८० वर्षांचे आहेत. जिना चढून आले आणि छाती दाटली, तर आधीं खुर्चीवर बसतात, मग खिशांत हात घालतात. आमची धाकटी नात त्या वेळीं घड्याळ घेऊन त्यांच्यासमोर उभी राहते आणि पांच मिनिटें मोजते.