‘दादा, जरा उडवा की!’

धुळवडीला जोडून दोन दिवस सुट्टी मिळाली. तालुक्याच्या पत्रकाराने सुट्टी घेणं म्हणजे आधी फोन बंद ठेवायची हिंमत करणं. ती यंदा केली आणि बायको, आठवीतली लेक आणि माझा सेकंडहँड कॅमेरा घेऊन निघालो. लांब कुठं नाही. पहिला दिवस सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य, दुसरा दिवस भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर. फोटो काल टाकलेत, तुम्ही भरभरून लाईक केलेत, आभार. पण फोटोच्या चौकटीबाहेर जे दिसलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

वसंत म्हटलं की डोळ्यासमोर हिरवंगार काहीतरी येतं. आपल्या पट्ट्यातला वसंत तसा नाही. फाल्गुनात माळ पिवळाधमक असतो, गवत कुरकुरीत वाळलेलं, आणि मध्येच एखादा पळस किंवा पांगारा पेटल्यासारखा उभा. त्या पांगाऱ्यावर भोरड्यांचा थवा उतरला होता. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, शेकड्यांनी. मध पिऊन, फुलं सांडून, भांडून नुसता गोंधळ. महिन्याभरात ही मंडळी मध्य आशियाकडे परतीच्या वाटेला लागतात. आपल्याकडे ज्वारीवर येतात म्हणून शेतकरी त्यांना शिव्या घालतो, पण हीच भोरडी तिकडे घरटी करते तेव्हा टोळांवर पिल्लं पोसते.

मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. सुप्याच्या बाजारातून निघालात तर चहा थंड व्हायच्या आत पोचाल. पण तेवढ्या तुकड्यात चिंकारा टिकून आहे. पळता पळता थांबतो, वळून बघतो आणि मग पुन्हा पळतो. तो थांबतो तेवढे दोन सेकंद आपले. लेकीने मोबाईलवर काढला तो फोटो माझ्यापेक्षा बरा आलाय, हे घरात मान्य झालेलं आहे.

साडेअकराच्या सुमाराला परत फिरताना एक माळटिटवी सारखी डोक्यावर घिरट्या घालत ओरडताना दिसली. लेक म्हणाली, "बाबा, ती आपल्याला ओरडतीय का?" आपल्याला नव्हती ओरडत. पुढं वाटेच्या कडेला दोघं जण जाळीदार हिरवे कपडे घालून पालथे पडले होते. लेन्स एवढ्या लांब की एकेकीच्या किमतीत आपल्याकडे जुनी गाडी येईल. समोर हाताच्या अंतरावर उघड्या जमिनीवर चार अंडी. आजूबाजूचं गवत उपटून साफ केलेलं, फोटोत आडवं येऊ नये म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टिटवी, माळटिटवी, धाविक हे पक्षी झाडावर घरटं बांधत नाहीत. जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालतात. अंडी खड्यांसारखीच दिसतात, तेच त्यांचं संरक्षण. उन्हाळ्यात पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला कमी आणि सावली द्यायला जास्त. टिटवी तर पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि तो ओलावा अंड्यांना देते. भर दुपारी तिला तिथून उठवून लावलं, तर अंडी तव्यावर ठेवल्यासारखीच. आणि गवत उपटलं की घारीला, कावळ्याला, कुत्र्याला पत्ता आयता मिळाला. फोटोग्राफर फोटो घेऊन जातो, बाकीचे नंतर येतात.

मी त्यांना एवढंच म्हणालो, "साहेब, पक्षी वर ओरडतोय, तुम्ही उठाल का?" एक जण म्हणाला, "पाच मिनिटं." सोबतच्या स्थानिक पोराने मात्र पाच मिनिटं थांबू दिलं नाही. नम्रपणे, पण उठवलंच. आम्ही सगळे लांब जाऊन उभे राहिलो. टिटवी लगेच नाही आली. आधी दुसरीकडेच उतरली, इकडंतिकडं चालली, आणि मग हळूच येऊन बसली. लेकीचा जीव तेव्हा कुठं भांड्यात पडला.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आहे, आणि पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं हेसुद्धा त्या व्याख्येत बसतं. म्हणजे बंदूकच लागते असं नाही. हे वाक्य आपल्या प्रत्येक अभयारण्याच्या फाटकावर ठळक मराठीत लिहायला काय हरकत आहे? ‘प्लास्टिक टाकू नये’च्या खाली जागा असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे भिगवण. उजनीचं पाणी उन्हाळ्याकडे ओसरायला लागलं की काठाचा गाळ उघडा पडतो, आणि त्या उथळ चिखलात रोहित उतरतात. मान खाली, चोच उलटी, पाणी गाळून त्यातले बारीक जीव आणि शेवाळ खात सावकाश चाललेले. लांब पलीकडे पट्टकदंबांचा एक थवा होता. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस आता हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडे जाणार. त्या प्रवासाची शिदोरी तो इथं चरून अंगावर चढवतो. म्हणजे मार्चमधलं त्याचं खाणं हे आपलं पोटभर जेवण नव्हे, ते गाडीत भरलेलं डिझेल आहे.

आमच्या होडीच्या पुढं दुसरी होडी होती. पाच जण, पाच कॅमेरे. रोहित उभा असताना पांढरा दिसतो, खरा रंग पंखाखाली, तो उडाल्यावर दिसतो. त्यामुळे ‘फ्लाइट शॉट’ पाहिजेच. आणि मग ती हाक ऐकू आली, "दादा, जरा उडवा की!"

नावाड्याने होडी सरळ थव्यात घातली. थवा उठला. खोटं कशाला बोलू, दृश्य अप्रतिम होतं. लाल-काळे पंख, खाली सोनेरी पाणी. थवा लांब जाऊन बसला. दहा मिनिटांत दुसरी होडी तिकडे. पुन्हा उठला. आम्ही होतो तेवढ्या वेळात मी चार वेळा मोजलं.

आमच्या नावाडी काकांना विचारलं. साठीच्या घरातले, जन्मभर मासेमारी केलेले. म्हणाले, "आम्हाला कळत नाही व्हय? ते खायला आलेत, त्यांना खाऊ द्यावं. पण गिऱ्हाईक म्हणतं, उडवलं नाही तर पुढच्या वेळी दुसरी होडी करू. वर उडवलं तर शंभर-दोनशे जास्तीचे देतं. मासं आता पहिल्यासारखं घावत नाही. मग काय करायचं, तुम्हीच सांगा."

याचं उत्तर नुसतं उपदेशाने देता येत नाही. उजनीत आपल्या भागातली गावंच्या गावं गेली. पळसदेवचं जुनं मंदिर उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं तेव्हा म्हातारी माणसं अजून बघायला जातात. ज्यांची जमीन गेली त्यांच्यातल्या काहींनी जाळं धरलं, आणि आता पुढची पिढी पाहुण्यांना पक्षी दाखवतेय. वरून पुणे-पिंपरीचं सांडपाणी याच पाण्यात येतं. अशा माणसाला ‘तू पक्ष्यांचा शत्रू’ म्हणणं सोपं आहे आणि चूक आहे. पक्षी टिकले तरच त्याची होडी चालणार, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्याच्यावर दबाव आणतं ते गिऱ्हाईक.

स्थानिकांना बाजूला ठेवून काय होतं ते सोलापूरच्या नान्नजने दाखवलंय. माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. शेतं, गावं, रस्ते, सगळं आत. लोकांच्या जमिनींच्या व्यवहारांवर बंधनं आली, राग साठला. पुढे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. आज तिथं माळढोक दिसला तर बातमी होते. कागदावरचं अभयारण्य आणि माळावरचा पक्षी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी दप्तरात असे कित्येक माळ अजूनही ‘पडीक’च आहेत, आणि पडीक जमिनीवर काय वाटेल ते उभं करता येतं.

म्हणून काही गोष्टी सुचवतो. भिगवण अभयारण्य म्हणून जाहीर नाही, त्यामुळे तिथं नियम गावांनीच केले तर लवकर होतील. कुंभारगाव, डिकसळ भागातल्या नावाड्यांनी एकत्र बसून ठरवावं: थव्यापासून इतकं अंतर, त्याच्या आत कुठलीच होडी नाही, आणि दर सगळ्यांचा एकच. एकट्याने नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जातं, सगळ्यांनी म्हटलं तर गिऱ्हाईकाला जायला जागाच नाही. ग्रामपंचायतींनी ठराव करावा, वन विभागाने पाठीशी उभं राहावं. पुणे वन विभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केलीय, तिथं स्थानिक पोरांना वाटाडे म्हणून काम मिळतं. तीच पद्धत पाण्यावर का नको?

आणि आपण कॅमेरेवाल्यांनी घरट्याचे, अंड्यांचे, खोकडाच्या बिळाबाहेरच्या पिल्लांचे फोटो काढायचे नाहीत, दुसऱ्याने टाकले तर ‘वाह’ म्हणायचं नाही. आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही. फोटो स्पर्धा घेणाऱ्या मंडळांनी घरट्याचे फोटो दारातूनच परत पाठवावेत. बक्षीस बंद झालं की निम्मी हौस आपोआप थंड होते.

कालच्या फोटोंखाली बऱ्याच जणांनी ‘लोकेशन पाठवा’ म्हणून लिहिलंय. भिगवण आणि सुपे सगळ्यांना माहीत आहे, जरूर जा, होडी करा, तिथं जेवा, चार पैसे गावात सोडा. पण त्या माळटिटवीची अंडी नेमकी कुठं आहेत, ते मी सांगणार नाही. इनबॉक्समध्येही नाही. राग मानू नका.