आत्याच्या छातीतला आवाज

आमच्या आत्याच्या 'छातीत आवाज आहे' हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. 1969 साली, ती नऊ वर्षांची असताना, शाळेच्या तपासणीत डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि चिठ्ठीवर लिहिलं, हृदयात मर्मर. आजोबांनी त्याचा अर्थ 'हृदयाला भोक' असा काढला. झालं! पळायचं नाही, जिने चढायचे नाहीत आणि बडोद्यात जन्मून गरबा खेळायचा नाही. नवरात्रात आत्या मैत्रिणींच्या चपला सांभाळत बसायची. पुढे स्थळं यायची, आवाजाचं कळलं की परत जायची.

गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तिनं डॉक्टरांना स्वतःच सांगितलं, "मला भोक आहे हो." त्यांनी बराच वेळ ऐकलं, आवाज काही सापडेना. म्हणाले, टू-डी इको करून टाकू.

अंधाऱ्या खोलीत आत्या डाव्या कुशीवर, छातीवर गार जेल. स्क्रीनवर झडपा उघडमीट करत होत्या. इको करणारे डॉक्टर समजावून सांगणारे होते. "स्टेथोस्कोप आवाज ऐकवतो, तो कुठून येतो याचा अंदाज बांधावा लागतो. इथं ती जागा दिसते." मग रंग आले. प्रोबकडे येणारं रक्त लाल, दूर जाणारं निळं. (मला वाटलं होतं, निळं म्हणजे अशुद्ध!) कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असतं, तर तिथून रंगीबेरंगी झोत पलीकडे जाताना दिसला असता. पडदा अखंड होता. झडपाही ठीक.

"मग तेव्हाचा आवाज?"

"लहानपणी निरोगी हृदयातही असा आवाज पुष्कळदा येतो, पुढे जातो. किंवा बारीक भोक असेल, आपोआप बुजलं. आता सांगता येणार नाही."

घरी येऊन मी वाचत बसले. स्वीडनमध्ये लुंडला एडलर आणि हर्ट्झ यांनी 1953 मध्ये हे तंत्र सुरू केलं, तेही धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र जहाजांच्या कारखान्यातून उसनं आणून. त्यात नुसत्या हलत्या रेघा दिसत. रंगीत चित्र आलं 1980च्या दशकात. म्हणजे आजोबांवर 1969 सालासाठी रागावता येत नाही. पण रंग आले तेव्हा आत्या पंचविशीत होती. पुन्हा तपासून घ्यावं असं कुणालाच सुचलं नाही, तिला स्वतःलाही.

रिपोर्टबद्दल आत्या दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता म्हणाली, "कुणाकुणाच्या चपला सांभाळल्या गं मी!"